लाकडाचे कान

आईला शेवटची आंघोळ घालताना तिचा उजवा हात सरळ होईना. आत्या म्हणाली, "राहू दे. तीस वर्षं तसाच होता." कोपराच्या खाली हाड दोन ठिकाणी मोडून, जसं जमेल तसं जुळलेलं होतं. बोटं आत वळलेली. जबड्यात डावीकडे चार दात नव्हते, म्हणून मेल्यावर त्या बाजूचा गाल खोल गेला होता. आम्ही हात तसाच छातीवर ठेवला आणि वर घोंगडी ओढली.

हात कुणी मोडला ते दोन्ही गावांना माहीत होतं. का मोडला तेही माहीत होतं. त्या 'का'मध्ये एक खोट होती. ती फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे, असं मी परवापर्यंत समजत होते.

त्या वर्षी मी अकराची होते. उन्हाळा संपता संपता गोऱ्यांनी डोंगराच्या धारेपलीकडचं रान जाळलं. आठ महिने तिथे कुऱ्हाडी चालल्या होत्या. पाडलेली झाडं एकमेकांवर वाळत पडली होती. मग वाऱ्याचा दिवस बघून त्यांनी चारी बाजूंनी पेटवून दिलं. तीन दिवस दुपारी संध्याकाळ होती. कबुतरं उडता उडता खाली पडत. पाठ पेटलेली रानडुकरं आमच्या रताळ्यांच्या वाफ्यातून ओरडत गेली. बाबांनी त्यातल्या दोघांना कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने डोक्यात घालून पाडलं आणि म्हणाले, "भाजलेलीच आली. भट्टी लावायचं काम वाचलं." कुणी हसलं नाही. आग धार ओलांडून आमच्या बाजूलाही उतरली होती.

मग पाऊस लागला. धारेवर धरून ठेवायला झाड नव्हतं, त्यामुळे डोंगराची माती आमच्या साठवणीच्या खड्ड्यावर येऊन बसली. उकरून काढली तेव्हा अर्ध्याहून जास्त रताळी काळी पडली होती, दाबली की पाणी सुटायचं. हिवाळा अजून पुढे होता.

मेलेल्या झाडाला पाऊस लागला की कान फुटतात, अळंबीचीच एक जात. ते खरंच कानासारखे दिसतात: तपकिरी, मऊ, पाठीवर लव, आत शिरा. जुनी माणसं टंचाईत ते खायची. त्या हिवाळ्यात जळक्या रानात खोड न् खोड कानांनी भरलं होतं आणि नदीच्या तोंडाशी दुकान घालून बसलेला आ-सुन नावाचा चिनी व्यापारी वाळलेले कान घेऊन पीठ देत होता. त्याच्या देशात ते रस्सा करून खातात म्हणे. तीन पोती कानांना एक पोतं पीठ. आम्ही सगळे त्यालाच लागलो.

कान कापायचा नाही, पिळून खुडायचा. बुडाशी खोडावर पांढरी खूण राहते. हिवाळ्यात सकाळी लाकूड इतकं गार असतं की पाच-पन्नास खुडल्यावर बोटं आपली राहत नाहीत. नखात कोळसा जातो, तो निघत नाही. टोपली पोटावर बांधलेली, पाय जळक्या फांद्यांत अडकलेले. घरी आणून ओट्यासमोरच्या मांडवावर पसरायचे. वाळले की काळे, कडक, चामड्याच्या तुकड्यांसारखे होतात.

आईच्या टोपल्या आजूबाजूच्या चार गावांत ओळखू यायच्या. कडीची वेणी ती लांब पानं चिरून काढलेल्या सात पातींची घालायची आणि शेवटी एक पात उलटी वळवून आत खोचायची. तिच्या हातची वेणी दुसऱ्या कुणी घालायची नाही, अशी रीत होती. ती आमच्यात सगळ्यात उंच बाई. चालताना तिच्या टोपल्या माझ्या डोक्याच्या वर हलायच्या.

वरच्या गावातून तिपेने नावाचा माझा मामेभाऊ यायचा मदतीला. आईच्या भावाचा, हाकाराया मामाचा, मोठा मुलगा. वीस-बावीसचा, नवीन मिशा.

"आत्या," तो म्हणायचा, "हे लागतं कसं माहितीये? घोंगडीचा तुकडा शिजवल्यासारखं."

"मग नको खाऊस. तुझ्या वाटचं डुकराला घालते."

"डुकराने नको म्हटलं म्हणून तर माझ्या पानात आलं."

आई ओलं फडकं फेकून मारायची. तो ते डोक्यावर घेऊन नाचायचा.

बाबांना हसायला येत नव्हतं त्या दिवसांत. पायरामा हे नाव घेतलं की माणसं जरा सरळ बसायची, असे माझे बाबा होते. त्या हिवाळ्यात त्यांना पोतं घेऊन दुकानाच्या दाराशी उभं राहावं लागत होतं. एकदा मी अर्धीच टोपली आणली. ती त्यांनी हातात घेऊन तोलली.

"एवढ्यात चिमणीचं तरी पोट भरेल?"

आणि पातीच्या ओल्या दोरीने माझ्या पोटऱ्यांवर चार वळ काढले. आई मध्ये आली, तेव्हा पाचवा तिच्या हातावर बसला.  तिने मला मांडवाखाली ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी आईची टोपली घेतली, माझी आदल्या दिवशी कुठे तरी फाटली होती. जवळची खोडं सगळ्यांनी खुडून नागडी केली होती. मी ओढा ओलांडून धारेच्या अलीकडच्या जळक्या उतारावर चढले. तिथे कुणी गेलेलं नव्हतं. राखेत पुकातेआचं एक जुनं झाड उभं होतं, भिंतींसारख्या मुळांचं, मेलेलं. कानच कान, एकावर एक. खालून वरपर्यंत. मी मुळांमध्ये शिरले आणि दोन्ही हातांनी ओरबाडायला लागले. सगळ्यात मोठे वर होते, पण तिथे माझा हात पोचत नव्हता. मी टाचा उचलल्या, उड्या मारल्या, मग सोडून दिलं. खालच्याच कानांनी टोपली शिगोशीग भरली.

वळताना खोडातली चीर दिसली. आत ढोली होती. ढोलीत लाल मातीने माखलेला जबडा होता, त्याच्यामागे आणखी हाडं, नीट रचलेली.

मी त्या झाडाबद्दल पाळण्यापासून ऐकलं होतं. आईच्या घराण्यातली माणसं त्यात होती. ते तापू होतं. तिथे थुंकायचंसुद्धा नाही, आणि त्याच्या आसपासचं काही तोंडात घालणं म्हणजे पूर्वजांनाच चावून खाणं. भोवती लाल रंगवलेल्या खांबांचं कुंपण असायचं. आगीने ते नेलं होतं. मी उभी होते ती राख त्या खांबांचीच होती.

काय करायचं ते मला माहीत होतं. टोपली तिथेच टाकायची, कुठेही न शिवता ओढ्यात बसायचं, म्हाताऱ्या माणसाला हाक मारायची. त्याने पाणी शिंपडून मंत्र म्हटले असते आणि एवढ्यावर भागलं असतं. पण टोपली टाकून गेले असते तर रिकाम्या हाताने गेले असते. पोटऱ्या अजून चुरचुरत होत्या. मी पळाले. एका जळक्या बुंध्याला कडी अडकली, मी हिसका दिला, ती तुटून तिथेच राहिली.

बाबांनी टोपली पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "याला म्हणतात आणणं."

आई म्हणाली, "कडी कुठंय?"

"तुटली."

"कुठे?"

"रानात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग निम्मे कान मांडवावर पसरले आणि निम्मे रात्रीच्या जेवणाला धुतले. मी तोंड उघडायला हवं होतं. आईने बटाटे, रानभाजी आणि कान एकत्र शिजवले. मला वाढलं तेव्हा मी म्हटलं, पोट दुखतंय.

"आण इकडे," तिपेने म्हणाला. "घोंगडीची मला सवय झालीये."

माझ्या पानातलं त्याने खाल्लं. शेवटचा कान त्याने बोटाने उचलून, हलवून मला दाखवला आणि तोंडात टाकला.

सकाळी बाबा आणि तो सरपणाला एक अर्धजळकं झाड पाडायला गेले. मी न्याहारी घेऊन गेले होते, वीस पावलांवर होते. बाबांची कुऱ्हाड बसत होती. तिपेने घाम पुसायला मागे सरला. वर एक मेलेली फांदी होती, माणसाच्या मांडीएवढी. ती कुठलाही आवाज न करता सुटली. आवाज झाला तो खाली आल्यावर, ओलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसली होती. तो बसल्यासारखा खाली गेला. बाबांनी फांदी उचलली, तेव्हा खांद्याचं हाड कातडीबाहेर आलं. डोळे उघडे होते. उजवा पाय बराच वेळ माती उकरत राहिला. बाबा गुडघ्यावर बसून म्हणत होते, "थांब रे, थांब, थांब ना." मग पाय थांबला.

आम्ही त्याला वरच्या गावी नेलं. हाकाराया मामाने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि शिंपल्याच्या धारेने आपल्या छातीवर आडवे चरे ओढले. रक्त मुलाच्या केसांत गळत होतं. बायकांचं रडणं रात्रंदिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी रांगिआहो आजी, म्हणजे आईच्या बापाची बहीण, काठी टेकत धारेकडे गेली. एवढा धडधाकट पोरगा फांदीने जातो, तेव्हा काही तरी कारण असतं, ते जुन्यांना विचारायला हवं, असं म्हणत गेली. परत आली तेव्हा काठीच्या टोकाला एक पातीची वेणी लटकत होती. तिने ती सगळ्यांच्या मध्ये, जमिनीवर झटकली.

"झाड ओरबाडलंय," ती म्हणाली. "बुडखा सगळा पांढरा पडलाय. वरचे तेवढे शिल्लक आहेत. माझ्या भावाच्या तोंडावरचं खाल्लंय कुणी तरी. ही वेणी कुणाची?"

  सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मी आईच्या पाठीमागे होते, तिचा झगा मुठीत धरून. तिने हात मागे घेतला, माझी मूठ सोडवली आणि उभी राहिली.

"मी खुडले," ती म्हणाली. "कुंपण जळालं होतं. ओळखू आलं नाही."

"तू?" आजी म्हणाली. "बापाची हाडं तिथे ठेवली तेव्हा माझ्या मांडीवर बसून रडत होतीस ती तू? तुला ओळखू आलं नाही?"

"भूक होती."

"हाराता." आईचं नाव घेऊन मामा बोलला, बसल्या जागेवरून. "पुन्हा सांग."

"मी खुडले. मीच शिजवले. तुझ्या पोराला मीच वाढले."

मामा उठला आणि धारेच्या वाटेने एकटाच गेला. संध्याकाळी परतला. सगळे तो काय म्हणतो म्हणून थांबले होते. तो बाबांकडे बघून एवढंच म्हणाला, "चौथ्या दिवशी येऊ."

याला मुरू म्हणतात. ज्याच्या हातून असं घडतं, त्याच्या घरावर त्याच्याच नात्यातली माणसं चालून येतात, मारतात, असेल नसेल ते उचलून नेतात. अडवायचं नाही. लपवायचं नाही. वर जेवायला घालायचं. आमच्या भागातला बहुधा तो शेवटचा मुरू. पुढे पोलीस चौकी झाली.

त्या चार दिवसांत बाबांना एकच धास्ती होती.

"येतील ना?" ते आईला विचारायचे. "नाही आले तर आपण कुणीच नाही असं होईल. मान असलेल्यांवरच मुरू नेतात, चोरांवर नाही."

"येतील," आई म्हणायची. "माझा भाऊ आहे."

बाबांनी होतं ते एकुलतं डुक्कर कापलं. मानेत सुरी घातली तेव्हा मी पाय धरले होते. भट्टी खणली, दगड तापवले. जाळी, कढया, कुऱ्हाडी, घोंगड्या, रताळ्यांचं बियाणं, सगळं अंगणात ओळीने मांडलं. आ-सुनचा माणूस मधल्या एका दिवशी येऊन वाळलेलं एक पोतं घेऊन गेला होता. त्यात त्या झाडाचे कान होते. मी ते आईला सांगितलं नाही. तिला माहीत होतं. समुद्रापलीकडे कुणाच्या तरी ताटात ते पडले असतील, हा विचार मला अजून अधूनमधून जागं करतो.

चौथ्या दिवशी सकाळी आईने केस विंचरले. मला म्हणाली, "काही झालं तरी ओरडायचं नाही. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. सांगितलेलं बदललं की दोघी मरू. कळलं?"

"आई, मी..."

"कळलं का विचारलं."

ते चाळीस जण होते. कमरेच्या वर उघडे, तोंडाला कोळसा. त्यांनी आमच्या अंगणात पाय आपटले तेव्हा मांडवावरचे कान उडत होते. बाबा रीतीपुरता दांडा घेऊन पुढे झाले. समोरून मामा आला. दोघे एकमेकांभोवती फिरले. तीन वेळा लाकडावर लाकूड बसलं, चौथ्यांदा मामाचा दांडा बाबांच्या कपाळावर बसला आणि भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडली. बाबा खाली बसले. रक्त डोळ्यांत जात होतं, ते पुसत नव्हते. रीतीप्रमाणे एवढं पुरे होतं.

पण तिपेनेच्या बरोबरीची पोरं मागे होती. त्यांच्यातल्या एकाच्या हातात छोटी कुऱ्हाड होती.

"बाई कुठाय?" रांगिआहो आजी म्हणाली.

आई ओट्यावरून खाली उतरली. कुऱ्हाडवाला पुढे सरला. मामाने त्याला खांद्याने बाजूला केलं.

"माझा मुलगा होता," तो म्हणाला. "मी घेईन."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मामाने दांडा उचलला. आईचा उजवा हात वर गेला, सरळ, पूर्ण ताणून. मामाने त्या हातावरच दांडा मारला. कोपराखाली. एकदा, आणि तो पडायच्या आत परत एकदा. मी तो आवाज ऐकला. हात खाली लोंबला. तिसरा घाव जबड्यावर बसला आणि ती कुशीवर पडली. तोंडातून दातांसकट रक्त राखेत सांडलं. तिने आवाज काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या तोंडात माझीच जीभ चावली गेली होती.

मामा तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला. "माझं मला मिळालं. आता हिला जो शिवेल, त्याचं माझ्याशी आहे."

मग त्यांनी घर उपसलं. दारसुद्धा नेलं. मांडव मोडला, कानांची पोती ओढ्याकाठी खड्ड्यात पुरली. बियाणं नेलं. शेवटी सगळे भट्टीभोवती बसले आणि बाबांनी, कपाळाला फडकं बांधून, त्यांना डुक्कर वाढलं. कुणी तरी म्हणालं, "मीठ कमी पडलंय." बाबा म्हणाले, "असेल."

बाबांनी सालींच्या पट्ट्या लावून हात बांधला, पण हाडं जिथे बसायची होती तिथेच बसली. तो हिवाळा आम्ही नेच्याची मुळं कुटून खाऊन काढला. आईला चावता येत नव्हतं. मी चावून तिच्या तोंडात द्यायची. तिने पुन्हा टोपली विणली नाही. दोन वर्षांनी एका संध्याकाळी तिने पाती माझ्यासमोर टाकल्या आणि डाव्या हाताने दाखवलं, सात पाती, शेवटची उलटी.

"तुझी वेणी दुसऱ्या कुणी घालायची नाही ना," मी म्हटलं.

"आता तुझी आहे," ती म्हणाली. त्या दिवसाबद्दल आमच्यात झालेलं बोलणं एवढंच.

परवा मामा आला. पाऊणशेच्या पुढे गेलाय. पोरांनी त्याला धरून आणला. त्याने भेटीच्या रीतीने माझ्या नाकाला नाक टेकवलं, बराच वेळ. मग आईच्या उशाशी बसला आणि घोंगडी बाजूला करून तिचा वाकडा हात आपल्या हातात घेतला. बायका जेवायला गेल्या होत्या. आम्ही तिघंच होतो.

"पिरिहिरा," तो म्हणाला, "ही किती उंच होती, आठवतं?"

"आठवतं."

"आढ्याची दोरी टाच न उचलता सोडवायची." त्याने शेजारची काठी उचलली. "मी त्या दिवशी झाडाशी गेलो होतो. खुडलेल्या खुणा बुडापासून इथवर." त्याने काठीचं टोक घराच्या मधल्या खांबाला टेकवलं. "याच्या वर एकेक कान तळहाताएवढा. एकालाही हात लागलेला नव्हता. एवढ्या भुकेची बाई मोठे सोडून छोटे खुडेल?"

मी नजर घोंगडीवर ठेवली. तीस वर्षांची सवय होती.

"तुझं नाव निघालं असतं तर त्या पोरांनी तुला जिवंत ठेवलं नसतं. हिने स्वतःवर घेतलं, तेव्हा मी गप्प बसलो."

"मग हात का मोडलात, मामा?"

"तिने वर केला ना." त्याने आईच्या वळलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. "रांगिआहो म्हातारी समोर उभी होती. झाड तिनेही पाहिलं होतं. चाळीस माणसांसमोर तो हात तसा उभा राहिला असता, तर पहिलं तिलाच दिसलं असतं, कुठवर पोचतो ते. मला तो खाली आणायचा होता. तेवढंच सुचलं." मग म्हणाला, "जबड्यावरचा घाव मात्र माझ्या पोरासाठी होता."

काठी अजून खांबाला टेकलेली होती. मी उठून तिथे उभी राहिले. टोक माझ्या कपाळाशी आलं. मी अंगाने आईवर गेलेय. उजवा हात मी सरळ वर केला. आढ्याच्या दोरीला बोटं लागली.

मामाने काठी खाली घेतली आणि मान फिरवली.